जाकीट खरं, गोष्ट कुणाची?

११ ऑक्टोबर २०२४ रोजी पनवेल तालुक्यातल्या नव्या धावपट्टीवर पहिलं विमान टेकलं, ते हवाई दलाचं सी-२९५. वरून सुखोई गेलं. प्रवासी विमानतळाचं उद्घाटन झालं ते पुढच्या वर्षी ८ ऑक्टोबरला, म्हणजे हवाई दलाच्या स्थापनादिनीच. उलव्याची टेकडी कापली गेली, नदीचा प्रवाह वळवला गेला, विमानतळाला शेतकरी नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून मोर्चे निघाले. एवढं सगळं होऊन गेल्यावर पनवेलकरांच्या गप्पांत विमान आलं नसतं तरच नवल.

विमान आलं की विमानाच्या गोष्टी येतात आणि गोष्टींच्या मागोमाग वस्तू येतात. मुंबईचा चोर बाजार, पुण्याचा जुना बाजार आणि आता मोबाइलवरच्या जाहिराती, सगळीकडे एक वस्तू अधूनमधून दिसते: तपकिरी चामड्याचं, कमरेला आणि मनगटाला लोकरीची विणलेली पट्टी असलेलं, पुढे चेन असलेलं जाकीट. खाली ओळ असते, ‘सेकंड वर्ल्ड वॉर, ओरिजिनल, पायलट’. तोंडी व्यवहारात त्याला जोड मिळते: ‘डिस्पोजलचा माल आहे, साहेब.’ युद्ध संपल्यावर सरकारने शिल्लक साहित्य विकायला काढलं, त्या खात्यावरून हा शब्द बाजारात रुळला. डिस्पोजल म्हटलं की गिऱ्हाइकाचा अर्धा विश्वास बसतो.

अशा जाकिटाची परीक्षा कशी करायची, हा या लेखाचा विषय. पण परीक्षेला बसण्याआधी प्रश्नपत्रिका नीट वाचायला हवी, कारण तिच्यात दोन प्रश्न एकात मिसळलेले असतात. एक, हे जाकीट खरोखर १९४२-४३ च्या सुमाराचं आहे का? दोन, ते अमुक वैमानिकाने अमुक मोहिमेत घातलं होतं का? पहिल्याचं उत्तर कातडं, धागा आणि धातू बऱ्यापैकी देतात. दुसऱ्याचं उत्तर जाकीट देऊच शकत नाही. आणि पैसे मोजले जातात ते दुसऱ्यासाठी. परदेशी लिलावांत नाव असलेल्या, पाठीवर चित्र रंगवलेल्या जाकिटाला हजारो डॉलर मिळतात. त्याच साच्याच्या बिनानावाच्या जाकिटाला त्या मानाने किरकोळ. लबाडी कुठे होणार हे यावरून ओळखावं. हुशार लबाड अख्खं जाकीट खोटं बनवायच्या भानगडीत पडत नाही. तो खरं जाकीट घेतो आणि त्यावर गोष्ट शिवतो.

आपल्या परिसराला युद्धाचा वाराच लागला नाही, असं समजायचं कारण नाही. मलंगगडाच्या पलीकडे, कल्याणच्या अंगाला नेवाळी आहे. तिथे महायुद्धाच्या काळात ब्रिटिशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन धावपट्टी केली. त्या जमिनींचा वाद जून २०१७ मध्ये रस्त्यावर येऊन पेटला तेव्हा अनेकांना ही धावपट्टी प्रथमच कळली. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबई गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. त्या जहाजावर स्फोटकं, कापूस आणि सोन्याच्या विटा होत्या, तशी खोक्यांत बंद केलेली स्पिटफायर विमानंही होती. अमेरिकी सैनिकही मुंबईत उतरत होते. ब्रह्मदेशातल्या लढाईत पुढे गाजलेली ‘मेरिल्स मरॉडर्स’ ही तुकडी ३१ ऑक्टोबर १९४३ ला मुंबई बंदरात उतरली आणि तिथून देवळालीच्या छावणीत गेली. तेव्हा युद्धकाळातलं एखादं परदेशी जाकीट कोकणातल्या किंवा देशावरच्या एखाद्या ट्रंकेत निघणं अशक्य मुळीच नाही. फक्त ‘अशक्य नाही’ आणि ‘आहे’ यांच्यातलं अंतर मोठं आहे.

सगळ्यात आधी हवामानाचा विचार करावा, आणि नेमका तोच कुणी करत नाही.

हवेत वर जाताना दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरतं. पनवेलला जमिनीवर ३० अंश असतील तर साडेसात हजार मीटरवर उणे १९ च्या आसपास. युरोपवर बॉम्बफेक करणाऱ्या अमेरिकी विमानांत कडेच्या मशिनगन चालवणाऱ्यांच्या खिडक्या उघड्याच असत आणि पारा उणे चाळिशीच्या खाली जाई. म्हणून त्यांना मेंढीच्या लोकरीसकट कातड्याचं जाडजूड बी-३ जाकीट मिळे. ब्रिटिशांकडे त्याच कामासाठी अर्विन जाकीट होतं. लेस्ली अर्विन हा मूळचा अमेरिकन, पॅराशूटवाला. इंग्लंडमध्ये लेचवर्थला त्याचा कारखाना होता. आणि ज्याच्या नकला सर्वांत जास्त होतात ते अमेरिकेचं ए-२, ते १९३१ मध्ये मंजूर झालेलं. हे त्यांच्या लेखी चक्क उन्हाळी जाकीट होतं! त्यांचा उन्हाळा आणि आपला उन्हाळा, असो.

आता आपले वैमानिक काय घालत? ब्रह्मदेश आघाडीवर भारतीय हवाई दलाची हरिकेन विमानं टेहळणीसाठी झाडांच्या शेंड्यांवरून उडत आणि व्हेंजन्स विमानं सूर मारून बॉम्ब टाकत. दमट उकाड्यात, कमी उंचीवर लोकरीच्या कातड्यात कोण शिजून घेईल? त्या काळातली छायाचित्रं पाहा: सुती खाकी किंवा हिरवा बुशशर्ट, बाह्या दुमडलेल्या. पुढे १९७६ ते १९७८ या काळात हवाई दलप्रमुख झालेले हृषीकेश मुळगावकर हे मुंबईत जन्मलेले मराठी अधिकारी याच आघाडीवर लढले. त्या पिढीतल्या एखाद्याच्या घरी चामड्याचं जाकीट निघालं तर ते ब्रह्मदेशातलं असण्यापेक्षा दुसऱ्या दोन ठिकाणांचं असण्याची शक्यता अधिक. एक म्हणजे वायव्य सरहद्द. कोहाट, मिरानशाहची थंडी आणि उघड्या बैठकीची वापिती विमानं. दुसरं म्हणजे इंग्लंड. १९४० मध्ये २४ भारतीय वैमानिक तिथे पाठवले गेले होते. म्हणून ‘आजोबांनी हे जाकीट ब्रह्मदेशातल्या आराकानच्या जंगलावर उडताना घातलं होतं’ असं कुणी सांगितलं की आधी थर्मामीटर डोळ्यांसमोर आणावा.

त्याच युद्धात चामड्याची खरी गरज होती ती आसाममध्ये. चबुआ, दिंजन, जोरहाट, तेजपूर इथून अमेरिकी मालवाहू विमानं हिमालयाच्या पूर्व टोकावरून चीनमध्ये जात. या वाटेला वैमानिक ‘हंप’ म्हणत. १९४२ ते १९४५ या काळात तिथून सुमारे साडेसहा लाख टन माल गेला आणि शेकडो विमानं डोंगरांत पडली. भारताशी खराखुरा संबंध असलेली ए-२ जाकिटं बहुतेक या वाटेवरची. ती अमेरिकन पोरांची, मराठी माणसांची नव्हेत.

आता प्रत्यक्ष जाकीट. समजा, पनवेलच्या जुन्या गावातल्या एका वाड्यात माळ्यावरच्या ट्रंकेत ए-२ च्या घाटाचं जाकीट सापडलं. काय पाहायचं?

पहिल्यांदा कातडं. रेक्झिन आणि चामडं यांतला फरक आपल्याकडे पोरंसोरंही ओळखतात, त्यामुळे ती पायरी सोडून देऊ. युद्धकाळातली ए-२ मोठ्या प्रमाणावर घोड्याच्या कातड्याची असत, काही बकरीच्या. घोड्याचं कातडं गुळगुळीत, घट्ट, चकाकी धरणारं. वापरून मऊ झालं तरी सुरकुत्या ठसठशीत पडतात. बकरीच्या कातड्यावर बारीक खडबडीत दाणा दिसतो आणि तो कितीही घासला तरी पुरता जात नाही. हे आपल्याकडच्या परीक्षेत फार उपयोगी पडतं. धारावीत जाकिटांना लागतं ते कातडं मुख्यतः मेंढीचं, बकरीचं, म्हशीचं. घोड्याचं कातडं इथल्या बाजाराची चीजच नव्हे. म्हणजे जाकीट मऊसूत मेंढीच्या कातड्याचं निघालं तर पुढची तपासणी बहुतेक वेळा वेळ घालवणंच ठरतं. मात्र बकरीचं निघालं तर लगेच इथलं समजू नये. अमेरिकी नौदलाची फर-कॉलरवाली जाकिटं बकरीचीच असत, आणि त्या काळी अमेरिका बकऱ्यांची कातडी मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानातूनच नेत असे. एखाद्या अमेरिकी नौसैनिकाच्या पाठीवरची बकरी मद्रास इलाख्यात चरलेली असू शकते, ही कल्पना मला तरी गमतीची वाटते.

मग कातडं कमावलंय कसं, ते. वनस्पतींच्या सालींत कमावलेलं कातडं कापल्या कडेला तपकिरी दिसतं. क्रोमच्या क्षारांत कमावलेल्या कातड्याच्या कडेत निळसर-राखाडी झाक असते. कॉलरच्या आतलं टांगायचं नाडं किंवा खिशाची आतली कड पाहावी, तिथे रंग आतपर्यंत पोचलेला नसतो. युद्धकाळातली पुष्कळ घोडेकातडी झाडपाल्याच्या पद्धतीची होती. पनवेलकराला ही पद्धत समजायला अवघड जाऊ नये. इथल्या धूतपापेश्वर कारखान्यामुळे, तो १८७२ चा, हिरडा म्हणजे औषध हे इथल्या माणसाला पाठ आहे. सह्याद्रीतले आदिवासी गोळा करतात तोच हिरडा कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावायला लागतो, बाभळीच्या सालीबरोबर. कातडं टिकवतो तो त्याचा तुरटपणा. मात्र कडेच्या रंगावरून एकट्याने निकाल देऊ नये. इथे एका खुणेवर कुणी फाशी जात नाही आणि सुटतही नाही.

धारावीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. तमिळ मुसलमान आणि महाराष्ट्रातले ढोर-चर्मकार समाज यांनी तिथे हा धंदा उभा केला. कातडं कमावण्याची कामं तिथून बरीचशी गेली, शिवणकाम राहिलं. तिथला चांगला कारागीर जाकीट हातात घेऊन बोटाने शिवण चाचपतो आणि ते हाताने ओढून शिवलंय की नव्या मशीनवर, कातडं किती पातळ तासलंय, अस्तर नंतर बदललंय का, हे धडाधड सांगतो. लेबलं, कंत्राटं त्याला ठाऊक नसतील. पण ‘हे आमच्याकडचं नाही’ किंवा ‘हे असलं आम्हीच करतो’ एवढं तो ज्या खात्रीने सांगेल तेवढ्या खात्रीने इंग्रजी पुस्तकं वाचलेला संग्राहक सांगू शकत नाही. जाकिटाची परीक्षा करायची तर पहिली फेरी तिथे मारावी, असं माझं मत आहे.

घाट पाहावा. युद्धकाळातल्या ए-२ ची पाठ एकाच अखंड तुकड्याची असते. अखंड पाठीला मोठं, निर्दोष कातडं लागतं, म्हणून स्वस्त नक्कल करणारा तिथे जोड देतो. पुढे दोन खिसे, वर झाकण, झाकणाला प्रेस बटण. बाजूने हात खुपसायची सोय नाही, कारण सैनिकाने खिशात हात घालून उभं राहावं हे लष्कराला पटत नसे. बाजूने हात जात असेल तर तुमचं जाकीट नंतरचं, हौशी लोकांसाठी केलेलं. मापही पाहावं. त्या काळचे वैमानिक विशी-बाविशीचे सडसडीत तरुण. ३६, ३८, ४० ही मापं नेहमीची. पोट सुटलेल्या मध्यमवयीन संग्राहकाला ऐसपैस बसणारं ‘ओरिजिनल’ पाहिलं की मला आधी शंका येते.

चेन. अमेरिकी जाकिटांत बहुधा टॅलन कंपनीची, काहींत क्राउन किंवा कॉनमारची धातूची चेन असे. चेनवर ‘वायकेके’ दिसलं तर ती युद्धानंतरची. जपानी कंपनी जुनी असली तरी ही अक्षरं युद्धानंतर आली. पण थांबा, म्हणून जाकीट बाद होत नाही. चेन हा जाकिटाचा सर्वांत आधी मरणारा अवयव. लोकरीच्या पट्ट्या दुसऱ्या, कारण त्यांना कसर लागते. युद्धातसुद्धा डेपोत चेनी बदलत. नवी चेन जुन्या जाकिटाला लागू शकते. प्रश्न असा की तिच्या शेजारी जुन्या शिवणीची भोकं आहेत का? असतील तर चेन बदलली आहे. नसतील तर ती बहुधा पहिल्यापासूनचीच आहे, आणि जाकीट तिच्याच वयाचं.

सुईचं भोक ही या सगळ्या विद्येची किल्ली आहे. कापडावरची शिवण उसवली की धागे सरकतात, भोक बुजतं. कातड्यातलं भोक कधीच बुजत नाही. खांद्यावर हुद्द्याची पिन लावली होती तर दोन भोकं राहणार. छातीवर नावाची पट्टी होती तर तिच्या चारी कडांची भोकं राहणार, आणि पट्टीखालचं कातडं आजूबाजूपेक्षा गडद राहणार, कारण त्याला ऊन लागलेलं नाही. विकणारा म्हणतो, हा बिल्ला १९४४ पासून इथे आहे. बिल्ल्याची कड उचलून पाहा. खाली गडद चौकोन नाही? की चौकोन आहे पण बिल्ला गोल आहे? दुसऱ्या वेळी तर त्या जागी एकदा कुणाचा तरी वेगळाच बिल्ला होता, एवढंच सिद्ध होतं.

धाग्यासाठी नोटा तपासायचा जांभळा दिवा पुरतो. युद्धकाळात सुती धागा वापरला जाई. पॉलिएस्टर आणि कापडाला पांढरंशुभ्र करणारी रसायनं सर्रास आली ती पन्नाशीच्या दशकात, आणि ती त्या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. इथे आपल्याकडची एक अडचण आहे. कुणा मावशीने ते जाकीट एकदा सर्फात बुचकळून काढलं असेल तर जुनं अस्तरही चमकेल. म्हणून वरची शिवण सोडून आत दुमडलेल्या भागातला धागा पाहावा. सुटा तुकडा मिळाला तर काडीने पेटवून बघावा: सुती धागा कागदासारखा जळून राख होतो, पॉलिएस्टरचा वितळून गोळा होतो.

लेबल मी मुद्दाम शेवटी घेतो. लोक नेमके तिथून सुरुवात करतात. कॉलरखाली विणलेलं काळं लेबल: टाइप ए-२, ड्रॉइंग क्रमांक ३०-१४१५, कंत्राटाचा क्रमांक, कंपनी, ‘हवाई दलाची मालमत्ता’. रफ वेअर, एरो लेदर, ड्युबो, पेरी, ब्रॉन्को, पॉकीप्सी अशा अनेक कंपन्यांना कंत्राटं मिळाली. प्रत्येकीची कॉलर, खिशाचा कोपरा, खांद्याची पट्टी यांची ढब थोडी वेगळी. लेबलावर एका कंपनीचं नाव आणि कॉलर दुसरीच्या ढबीची, असं दिसलं की झोल कळतो. पण नुसतं लेबल म्हणजे काही नव्हे. हुबेहूब लेबलं वेगळी विकत मिळतात, आणि जपानी, ब्रिटिश कारागीर आज जी नक्कल करतात ती इतकी काटेकोर असते की काही बाबतींत मूळ जाकीट ओबडधोबड वाटावं. सियालकोटची स्वस्त नक्कल सहज उघडी पडते. जपानची पडत नाही. शिवाय अमेरिकी हवाई दलाने १९८८ मध्ये ए-२ पुन्हा वापरात आणलं, या वेळी बकरीच्या कातड्याचं. म्हणजे खरोखर हवाई दलाचं, खरोखर ए-२, आणि तरी महायुद्धाशी काडीचा संबंध नाही, असंही जाकीट असतं! त्यावर नावाची पट्टी वेल्क्रोने चिकटते. वेल्क्रोचं पेटंट १९५५ चं.

राहिली झीज. खरी झीज हावरट असते, ती ठरावीक जागा खाते: कोपर, कॉलरची घडी, मनगट, खिशाच्या झाकणाची कड, पॅराशूटचे पट्टे जिथे घासतात ते खांदे. मानेजवळचं अस्तर घामाने काळवंडतं. सँडपेपरने केलेली झीज समान वाटलेली असते, काखेतसुद्धा. पाठीवरच्या चित्राला हाच नियम. जुना तेलरंग कातड्याच्या सुरकुतीबरोबर तडकतो, आणि घर्षणाचा पट्टा कातड्यावरून चित्रावर न थांबता जातो. झीज चित्रापाशी येऊन अदबीने थांबली असेल, तर चित्र झिजेनंतर काढलेलं आहे.

एवढं सगळं पार पडलं आणि जाकीट १९४२ चं ठरलं, असं धरू. इथून पुढे जमीन निसरडी होते.

भारत-चीन आघाडीवरच्या जाकिटांवर पाठीला किंवा आतून एक कापड शिवलेलं असे, ‘ब्लड चिट’. चिनी झेंडा आणि चिनी लिपीत मजकूर, की हा परदेशी चीनच्या मदतीला आला आहे, सैनिकांनी आणि नागरिकांनी याला वाचवावं. पडलेल्या वैमानिकाला खेडुताने आसरा द्यावा म्हणून ही तजवीज. आज हेच कापड नकलांच्या बाजारात आघाडीवर आहे. त्यात भारतातला गोंधळ वेगळाच. अमेरिकी सैनिक आपले बिल्ले इथल्या बाजारांतल्या कारागिरांकडून करवून घेत. चामड्याचे तुकडे जोडून, जरीच्या तारेने भरून केलेले हे बिल्ले एकसारखे नसतच. म्हणजे नियमापेक्षा वेगळा बिल्ला दिसला तर तो खोटा असेल किंवा अगदी अस्सल असेल! ज्या जरदोजी हातांनी तेव्हा खरे बिल्ले केले त्याच कलेने आज हुबेहूब करता येतात. इथे माझा सल्ला सरळ आहे: बिल्ल्याची किंमत वेगळी लावू नका, धरूच नका.

मग कागद. माणसाचं नाव मिळालं तर नोंदी शोधता येतात, पण त्यांनाही खिंडारं आहेत. १२ जुलै १९७३ ला अमेरिकेत सेंट लुईसच्या अभिलेखागाराला आग लागली आणि १९१२ ते १९६० या काळात सेवेतून मुक्त झालेल्या भूदल सैनिकांच्या सुमारे ८० टक्के फायली जळाल्या. महायुद्धातलं अमेरिकी हवाई दल तेव्हा भूदलाचाच भाग होतं. बेपत्ता विमानांचे अहवाल वेगळे ठेवले होते, ते वाचले. पण ‘फाइल जळाली’ हे उत्तर लबाडाला फार सोयीचं पडतं. ब्रिटिशांच्या स्क्वॉड्रनच्या रोजनिशा मात्र लंडनजवळ क्यू इथे पाहायला मिळतात. ज्यांचा मृतदेह सापडला नाही अशा, आग्नेय आशियात पडलेल्या वैमानिकांची नावं, भारतीयांचीही, सिंगापूरच्या स्मारकावर कोरली आहेत.

आपल्या घरांत मात्र याहून मोलाचा कागद असू शकतो: वैमानिकाचं फ्लाइंग लॉगबुक. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा प्रकार, वेळ, कामगिरी त्यात लिहिलेली असते. एकसारखी जाकिटं हजार आहेत, लॉगबुक मात्र त्या एकाच माणसाचं. तरी दरवेळी जाकिटाला काचेची पेटी मिळते आणि लॉगबुक रद्दीत जातं.

विमानाच्या नावावरूनही फसायला होतं. ‘काका लिबरेटरवर होते’ म्हणजे काका महायुद्धात होते, असं ऐकणारा धरून चालतो. पण युद्धानंतर ब्रिटिशांनी कानपूरला टाकून दिलेली लिबरेटर विमानं हिंदुस्थान एअरक्राफ्टने उडती केली आणि भारतीय हवाई दलाने ती १९६८ च्या डिसेंबरपर्यंत वापरली, पुण्याच्या लोहगावहूनही. जगातल्या काही संग्रहालयांत आज दिसणारी लिबरेटर भारतातूनच गेलेली आहेत. स्पिटफायर, डकोटा यांचंही तेच. काकांचं जाकीट १९५८ चं असेल. ते कमी दर्जाचं नाही, फक्त वेगळं आहे. पण १९५८ ला गिऱ्हाईक नसतं, म्हणून ते हळूहळू १९४४ चं होतं.

नक्कल म्हणजे वाईटच, असं मला म्हणायचं नाही. २०१८ मध्ये हवाई दलाला इंग्लंडमध्ये दुरुस्त केलेलं एक डकोटा भेट मिळालं. त्याचं नाव ठेवलं परशुराम. कोकणातल्या माणसाला ते लगेच आपलं वाटतं. त्यावर क्रमांक रंगवला व्हीपी-९०५. हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ ला श्रीनगरला शीख पलटण घेऊन उतरलेल्या डकोटाचा, त्याच्या स्मरणार्थ दिलेला. हे विमान ते नव्हे आणि तसं कुणी म्हणतही नाही. त्यामुळे कुणाचीही फसवणूक होत नाही. धारावीत शिवलेलं, तसंच सांगून विकलेलं ए-२ घालून कुणी कर्नाळ्याच्या रस्त्यावर बुलेट उडवली तर उत्तमच. आक्षेप आहे तो न सांगितलेल्या नकलेला.

सरकारी शिक्का मिळेल अशी आशा बाळगू नये. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात वस्तू किमान शंभर वर्षांची लागते. १९४२ चं जाकीट २०४२ पर्यंत पुरावस्तूच नव्हे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेसारखी प्रयोगशाळा कातडं कोणत्या जनावराचं आणि कसं कमावलेलं, हे सांगू शकते. कार्बनची चाचणी १९३५ आणि १९४५ यांत फरक करू शकत नाही. पण पन्नाशीच्या मध्यापासून अणुस्फोटांमुळे हवेतला कार्बन बदलला, त्यामुळे जनावर त्यानंतरचं असेल तर ते उघडं पडतं. मात्र साध्या जाकिटासाठी हा खर्च जाकिटालाच भारी पडतो.

ज्यांच्या घरी खरंच असं काही आहे त्यांना एक विनंती. पनवेलच्या पावसाळ्यात कातड्यावर बुरशी धरते. ती कोरड्या मऊ फडक्याने पुसा, जाकीट सावलीत वाऱ्याला ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधू नका. बुटाचं पॉलिश लावू नका. त्याने कातडं चकाकतं आणि वर सांगितलेल्या सगळ्या खुणा बुजतात. कातड्यातून तांबूस भुगा पडायला लागला असेल तर तेल न चोळता संग्रहालयाच्या जतन विभागात विचारा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात तसा विभाग आहे. फाटकी चेन बदलू नका, बदललीच तर जुनी फेकू नका. आणि जाकीट ज्यांनी घातलं त्यांना ओळखणारं कुणी घरात हयात असेल तर आजच त्यांच्याकडून लिहून घ्या: कुणी सांगितलं, कधी सांगितलं, स्वतः पाहिलं की ऐकलं. लॉगबुक, पगाराचं पुस्तक, छायाचित्र असेल तर ते जाकिटाबरोबर एकाच पेटीत ठेवा.

विकत घेणाऱ्यांनी पावतीवर दोन ओळी वेगवेगळ्या लिहून मागाव्यात. एकीत वस्तू: कातडं, साचा, अंदाजे वर्ष, काय बदललं. दुसरीत गोष्ट: कुणाचं, कुठलं, आणि त्याला आधार काय. विकणारा पहिली ओळ लिहील आणि दुसरी तोंडीच सांगेन म्हणेल, तर पहिल्या ओळीचे पैसे द्या आणि दुसरी फुकट ऐका.